धम्मदीपची अर्धी गोळी

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

धम्मदीपला तपासणाऱ्या मनोविकाराच्या डॉक्टर रक्षा मॅडमनी सांगितलं म्हणून ही वही. धम्मदीप किती झोपला, काय खाल्लं, काय बोलला, रोज दोन ओळी लिहीत जा काका, म्हणाल्या. मी जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा चार्जमन म्हणून, म्हणजे पाळीवर हुकूम माझा. रजिस्टर कसं भरायचं हे मला कोणी शिकवायला नको. तर आजची नोंद. झोप अकरा तास. जेवण, सहा पोळ्या आणि वर भाताचा डोंगर. बोलणं तीन शब्द: हो, नाही, पाणी.

धम्मदीप माझा एकुलता एक मुलगा. अठ्ठावीस वर्षांचा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला त्याला दोन माणसांचे आवाज यायला लागले. दोघं आपसात बोलतात, ते याच्याचबद्दल. आता उठला, आता पाणी प्यायला, आता बापाकडे पाहतो. सहा वर्षं झाली. पहिलं औषध लागू पडलं नाही, दुसरं पडलं. रिस्पेरिडोन. जेवणानंतर एक गोळी, मीच देतो. आवाज दूर गेले असं तो म्हणतो, पण त्यांच्याबरोबर तोही दूर गेला. वजन ब्याण्णव किलो. हात कापतात, चहा बशीत सांडतो. सकाळी उशी लाळेने ओली असते. चेहऱ्यावर ना हसू, ना राग. हाच मुलगा एकेकाळी माझी अशी नक्कल करायचा की माझी बायको रत्नमाला हसता हसता जमिनीवर बसायची.

सकाळी त्याला कारध्याच्या पुलापर्यंत फिरवून आणलं. वैनगंगा दोन्ही काठ भरून होती. त्याने मान वळवून पाहिलंही नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

अमेरिकेतून पुतण्या जीवनचा फोन. म्हणाला, "काका, धम्मदीपच्या बिमारीवर इकडे नवं औषध आलं. गेल्या वर्षी मंजूर झालं. आतापर्यंतची सगळी औषधं एकाच पद्धतीची, हे वेगळंच काम करते म्हनतात. हातपाय कापत नाई, वजनही फार वाढत नाई."

मी नाव लिहून घेतलं. झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम, दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये. एकेक अक्षर त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

भंडाऱ्याला रक्षा मॅडमकडे गेलो. बाई भली आहे. बाहेर पेशंटची रांग असताना तिने मला वीस मिनिटं दिली, कागदावर चित्र काढून समजावलं.

मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन. काही भागात ते जास्त सुटतं आणि माणसाला नसलेलं ऐकू येतं, नसलेलं खरं वाटतं. आपली आजवरची बहुतेक सगळी औषधं डोपामाइन जिथे जाऊन बसतं ती जागाच अडवतात. पण हात हलवायला, आनंद वाटायला, मनात काही करावंसं यायलाही तेच रसायन लागतं. आवाज अडतात आणि माणूसही अडतो. नवं औषध त्या जागेला हात लावत नाही. ते ॲसिटिलकोलीन नावाच्या दुसऱ्याच रसायनाच्या जागा जागवतं, आणि त्यामुळे जिथे डोपामाइन जास्त सुटत होतं तिथे सुटणंच कमी होतं. कॅप्सूलमधलं दुसरं औषध पोटासाठी. पहिलं पोटात जाऊन धिंगाणा घालतं, त्याला ते आवरतं. तरीही उलट्या होतात काहींना.

मला लगेच समजलं. सासुरवाडीला, सिहोऱ्याला, साळ्याची धानाची शेती आहे. बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, पाणी जास्त झालं तर प्रत्येक बांधीचं तोंड बुजवत बसायचं, की तलावाच्या तोंडाशीच पाणी कमी सोडायचं? जुनं औषध बांध्यांची तोंडं बुजवतं. सगळ्याच बांध्यांची, कोरड्यांचीसुद्धा.

मॅडम म्हणाल्या, "बरोबर धरलंत काका. पण हे औषध आपल्याकडे नाही अजून. मुख्य चाचण्या पाच-पाच आठवड्यांच्या होत्या. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. आणि जुन्या औषधाला जोडून दिलं त्या चाचणीत ठरवलं होतं तेवढा फायदा काही दिसला नाही."

"म्हणजे जुनं बंद करून द्यावं लागते?"

"चाचण्यांत तसं केलं होतं. दवाखान्यात भरती ठेवून, देखरेखीखाली. तुम्ही घरी काही बदलू नका. अर्धी गोळीसुद्धा नाही."

तिने ते दोनदा सांगितलं. मी दोनदा हो म्हणालो.

२६ ऑक्टोबर, रविवार

जीवनला विचारलं, पाठवशील का? म्हणाला, "पाह्यतो काका. एक डॉक्टर दोस्त आहे, त्याले इचारतो." जीवन लहानपणापासून शब्दाचा पक्का. जानेवारीपर्यंत येईल असं धरून चालतो.

आठवडाभर एकच विचार. आमच्या प्लांटमध्ये नियम होता: भांडं रिकामं करून, धुऊन, कोरडं झाल्याशिवाय त्यात नवा माल चढवायचा नाही. जुन्याचा अंश राहिला आणि नवा पडला तर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. चौतीस वर्षांत माझ्या हाताखाली एकदाही तसं झालं नाही. आता कॅप्सूल येऊन घरात पडेल आणि याच्या अंगात जुनं औषध तसंच असेल, तर काय उपयोग? मॅडमनीच सांगितलं की जोडून दिलं तर फायदा दिसत नाही. त्या डॉक्टर आहेत, घरी बदलू नका असं त्यांना म्हणावंच लागतं. मी एकदम थोडंच बंद करणार आहे? टप्प्याटप्प्याने करेन. भांडं तयार ठेवायचं, बस.

२ नोव्हेंबर, रविवार

आजपासून पाऊण गोळी. रत्नमाला विहारात गेली होती तेव्हा ओट्यावर ताटली पालथी घालून दाढीच्या ब्लेडने कापली. सरळ काप आला. उरलेला पाव तुकडा कागदात बांधून तारीख टाकून ठेवला.

तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मॅडमना फोन केला असता.

१६ नोव्हेंबर, रविवार

अर्ध्यावर आलो. काहीही बिघडलेलं नाही. उलट उशी कोरडी! कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी तिच्यावरून हात फिरवला आणि हाताला ओल लागली नाही. चहाही सांडला नाही.

आज कापत असताना धम्मदीप पाणी प्यायला आत आला. मी ब्लेड टॉवेलखाली सरकवलं. तो थोडा वेळ उभा राहिला आणि पाणी न पिताच गेला. विसरभोळेपणा अजून आहे, तोही जाईल.

२३ नोव्हेंबर, रविवार

सिहोऱ्याला गेलो होतो, धानाच्या मळणीला. सहा वर्षांत हा तिथे जाऊन नुसता बाजेवर बसायचा. आज त्याने भारे उचलले. साळा जागेश्वर ओरडला, "भाचा तं भल्ला कामाचा निघाला जी!" आणि धम्मदीप हसला. दात दिसले. रत्नमाला पदर तोंडाला लावून घराच्या मागे गेली, मी पण तिकडेच गेलो. दोघं म्हातारे गोठ्याजवळ उभे राहून रडलो.

परतताना बसमध्ये म्हणाला, "बाबा, मले हलकं वाटून राहिलं. डोक्यावरचं काहीतरी कोनं उचललं."

मी खिडकीबाहेर पाहत बसलो. कोणी उचललं ते मला माहीत होतं. इतका आनंद मला रिटायरमेंटच्या सत्कारातही झाला नव्हता.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. संध्याकाळी विहारात मेणबत्त्या लावल्या. धम्मदीपने त्रिशरण-पंचशील मोठ्याने म्हटलं, एकही ओळ न चुकता. लोक माझ्याकडे वळून पाहत होते. मी मुद्दाम समोर पाहत राहिलो.

उद्यापासून पाव गोळी.

१४ डिसेंबर, रविवार

स्वतःची कामं स्वतः करायला लागला आहे. चहा स्वतः करतो, दुसऱ्याने केलेला घेत नाही. ताट जेवणाआधी घासून घेतो, पुन्हा घासतो. पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध घेतला, हवा लागते म्हणे. कोणी तरी मित्रही मिळालेला दिसतो, अंगणात फोन कानाला लावून तासभर बोलत असतो. मी जवळ गेलो की थांबतो. तरुण पोरं अशीच.

झोप चार तास. पूर्वी अकरा तास झोपायचा, ती गुंगी होती. आता खरी झोप.

१९ डिसेंबर, शुक्रवार

रत्नमालाशी भांडण. भाजी निवडता निवडता म्हणाली, "अजी, याचे डोये पाहा ना जरा. सहा वर्साआंधी असेच होते."

मी म्हणालो, पोरगा सुधारतो आहे तर तुला सहन होत नाही काय?

तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "त्याच्या फोनात महिन्याभरापासून रिचार्ज नाई. मले इचारलं होतं त्यानं, मीच नाई मारलं." आणि थोड्या वेळाने, "गोळी देऊन राहिले ना तुमी?"

"देऊन राहिलो."

खोटं नाही. पाव का होईना, देतोच आहे. असं स्वतःला सांगितलं. पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागली, तेव्हा मला तिथे बसवेना.

२७ डिसेंबर, शनिवार

आज झालं ते लिहितो. मॅडमनी वही आणायला सांगितली होती. काल बसून मी नोंदींची दुसरी वही तयार केली. फॅक्टरीत इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी रजिस्टर फेअर करायचो तशी. झोप सात तास, सात तास, साडेसहा. गोळी: दिली, दिली, दिली.

मॅडमनी ती चाळली. धम्मदीपला विचारलं, आवाज? तो म्हणाला, "नाई." माझ्याकडे पाहून म्हणाला. मॅडम त्याच्याकडे बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "काका, हात कापणं कमी झालंय, चेहरा मोकळा आहे. पण मला हे जरा जास्तच लवकर वाटतंय. दोन आठवड्यांनी पुन्हा आणा. काही वेगळं दिसलं तर त्याच दिवशी फोन करा."

घरी येईपर्यंत मी मनात तिला सांगत होतो, बाई, जानेवारीत बघ.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

आजपासून काही नाही. भांडं कोरडं.

४ जानेवारी, रविवार

जीवनचा फोन आला. मी केला नव्हता, त्याने स्वतः केला.

"काका, नाई जमत. दोस्त मनते तपासल्याबिगर कोनाले चिठ्ठी लिहून देता येत नाई. लिवर पाहा लागते, नाडी पाहा लागते. कायद्यात बसत नाई. मी तेव्हाच मनलो होतो ना, पाह्यतो म्हनून."

हो. पाहतोच म्हणाला होता. वहीत मागे जाऊन पाहिलं, माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

५ जानेवारी, सोमवार

जेवणानंतर पूर्ण गोळी घेऊन गेलो. तळहातावर, पाण्याचा पेला दुसऱ्या हातात. धम्मदीप पलंगावर, पाठ कोणत्याच भिंतीला नाही, दाराकडे तोंड करून.

"घे बाबू."

"आज पुरी काहून?"

मी पाण्याचा पेला पुढे केला.

"तुमी माह्या गोया कापता. ब्लेडनं. मी पाह्यलं. रोज थोडी लहान, रोज थोडी लहान. मंग बंद. आता पुरी. काय टाकलं हिच्यात?"

मी म्हणालो, असं काही नाही, तुला भास होतो.

हे वाक्य मी बोललो. बत्तीस वर्षांच्या संसारात मी पंचशील मोडलं नाही, कधी खोटं बोललो नाही, असं चारचौघांत सांगत आलो.

७ जानेवारी, बुधवार

काही खात नाही. रत्नमालाने भात कालवून स्वतः आधी घास घेतला, मग त्याला दिला. तिच्या हातून चार घास खाल्ले. गोळी तिच्याही हातून नाही, कारण गोळ्यांचा डबा मी आणला होता.

मॅडमना फोन करायला हवा. केला तर काय सांगू?

९ जानेवारी, शुक्रवार

पहाटे रत्नमालाच्या ओरडण्याने जागा झालो. धम्मदीपने माझा गळा धरला होता. त्याच्या हाताला किंचितही कंप नव्हता, हे मला त्या वेळीसुद्धा जाणवलं. तो रडत होता आणि म्हणत होता, "सांगा, काहून केलं? सांगा ना." रत्नमालाने ओढलं तेव्हा ती चौकटीवर आपटली, कपाळाला पाच टाके. शेजारचा ईश्वर आणि त्याचा भाऊ धावून आले. चौघांनी मिळून रिक्षात घातलं.

मॅडमच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं. आता झोपला आहे. तोंड उघडं, उशीवर लाळ.

११ जानेवारी, रविवार

मॅडमनी त्यांच्या खोलीत बसवलं. केसपेपर समोर होता. मला उलटं वाचता येतं, फॅक्टरीत साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून सवय झाली. त्यावर लिहिलं होतं: वडील गोळ्या कापतात, औषधात काहीतरी मिसळतात असा ठाम संशय.

त्या म्हणाल्या, "काका, पूर्ण डोस चालू असताना एवढं उलटलं. आधीचं औषधही लागू पडलं नव्हतं. म्हणजे साध्या औषधांना हा आजार दाद देत नाही असं धरावं लागेल. क्लोझापिन सुरू करू. चांगलं औषध आहे, पण दर आठवड्याला रक्त तपासावं लागेल, वजन वाढेल, लाळ आणखी सुटेल. तुमच्या सहीने सुरू करते."

फॉर्म पुढे केला. पेन दिलं.

मी म्हणालो, घरी विचारून सांगतो.

१२ जानेवारी, सोमवार

त्याचं खरं बोलणं आजाराचं लक्षण म्हणून लिहिलं गेलं आणि मी ते उलटं वाचून गप्प बसलो. रात्रभर हेच. तो त्या जुन्याच औषधाने बरा होत होता. जेवढा होऊ शकत होता तेवढा. आणि मी सही केली तर माझ्या लबाडीपायी त्याच्या शरीरात आणखी जड औषध जाईल.

सकाळी आधी रत्नमालाला सांगितलं. कपाळाची पट्टी धरून ती ऐकत होती. उठून आतून कागदाच्या पुड्या घेऊन आली, तारखा टाकलेल्या, आणि माझ्यासमोर ठेवल्या. तिला नोव्हेंबरातच सापडल्या होत्या.

"तुमी इतके खुश होता," ती म्हणाली. "मले वाटलं, मॅडमनंच सांगतलं असन. मी इचारलं तं तुमी देऊन राहिलो मनले. मंग मी कोनाले इचारू?"

दोघं दवाखान्यात गेलो. मी मॅडमच्या टेबलावर पुड्या ठेवल्या आणि ही वही, खरी. त्यांनी फॉर्म फाडला. मला वाटलं ओरडतील. नाही ओरडल्या. म्हणाल्या, "त्या नव्या औषधाचा यात काही दोष नाही काका, जुन्याचाही नाही. मला सांगायचं होतं फक्त. हात कापतात, लाळ येते, हे सहन होत नाही म्हणाला असतात तर आपण इथेच डोस कमी करून पाहिला असता, औषध बदललं असतं."

हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. मी चार्जमन होतो.

मग म्हणाल्या, रिस्पेरिडोनच पुन्हा पूर्ण सुरू करते. आणि तो शुद्धीवर येऊन स्थिर झाला की तुम्ही त्याला खरं सांगायचं. त्याने पाहिलं ते खरं होतं, हे त्याला कळलंच पाहिजे. नाहीतर तो स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवणार नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

तीन आठवडे झाले. हात पुन्हा कापायला लागले आहेत. चहा बशीत सांडतो.

आज सांगितलं. तो दवाखान्याच्या खाटेवर बसला होता, मी स्टुलावर. सगळं सांगितलं: जीवन, कॅप्सूल, ब्लेड, भांडं. भास होतो म्हणालो ते खोटं होतं, तू पाहिलंस ते खरं होतं, मला माफ कर, म्हणालो. त्याच्या पायाला हात लावला. त्याने पाय ओढून घेतला नाही.

मग हळूहळू, जड जिभेने म्हणाला, "मंग थे खरं बोलत होते."

"कोण, बाबू?"

"थे दोघं. पह्यल्याच दिवशी त्यायनं मले सांगतलं, बाप गोया कापते म्हनून. मी मनलो, माह्या डोयाले भलतं दिसलं असन, माहे बाबा तसे नाईत. रोज भांडलो मी त्यायच्यासंग. तुमच्यासाठी भांडलो." त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर ना हसू, ना राग. "आता नाई भांडनार. आता त्यायचं आयकत जाईन."

सहा वर्षं मला वाटत होतं की त्याच्या बाजूने मी एकटा लढतो आहे. तो माझ्या बाजूने लढत होता, हे मला आज कळलं.

संध्याकाळची गोळी रत्नमालाने दिली. तिने सांगितलं म्हणून मी बाहेर व्हरांड्यात उभा राहिलो.